शुक्राची दुरुस्ती

चहाचा कप पुढ्यात आला की सर शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढायचे. ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला, वीतभर लांब. पायजम्याला पुसून तो चहात उभा धरायचे, पारा थांबेपर्यंत वाट पाहायचे, "एकाहत्तर" असं पुटपुटायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. एस.टी. स्टँडासमोरच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा ठेवलेला असे. ती काच कुणाकुणाच्या काखेत जाऊन आली असेल अशी बाकीच्या गिऱ्हाइकांना शंका होती.

"सर, चा गरम हाय का गार, जिभंला कळतंय की," हॉटेलवाला एकदा म्हणाला. "ह्यो दांडा कशापायी?"

"जीभ सवयीची गुलाम असते," सर म्हणाले. "पाऱ्याला सवय नसते."

सर होते त्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवायला गेलो चौऱ्याहत्तर साली. पलूसपासून सायकलने अर्ध्या तासावरचं गाव. चारी बाजूंना ऊस, हिवाळाभर गुऱ्हाळांचा धूर, शाळेच्या भिंतीला लागून पाटाचं पाणी. सर तिथे विज्ञान शिकवत. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळे, कानांवर केस. शर्टाला जागोजाग आम्लाने पडलेली भोकं. लग्न केलेलं नव्हतं. पोरं पाठीमागे त्यांना शुक्राचार्य म्हणत आणि हेडमास्तर चिडले की त्यालाच 'झारीतले' हा शब्द जोडत.

हे नाव का पडलं ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सर एक कापडाची गुंडाळी घेऊन चित्रकलेच्या खोलीत आले आणि ती टेबलावर सोडली. मांजरपाटाच्या तुकड्यावर काढलेला तक्ता होता. वर दाट ढग, खाली धो धो पाऊस, पाण्यात उभी नेच्यांची झाडं, पानापानावरून ओघळणारे थेंब. रेषा कच्ची होती, पण हिरवे रंग लावणाऱ्याने जीव ओतला होता. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: शुक्र, पृथ्वीची जुळी बहीण.

"ह्यावर दुसरं चित्र काढायचंय," सर म्हणाले.

"हे कुणी काढलंय?"

"मीच. वीस वर्षं झाली."

"चांगलं आहे की सर."

"चांगलं आहे. पण खोटं आहे."

मला शुक्र म्हणजे चांदणी एवढंच ठाऊक. सरांनी उभ्या उभ्या मला सगळं सांगितलं. ते शिकत होते तेव्हाच्या पुस्तकांत लिहिलेलं असे की शुक्र पृथ्वीएवढाच मोठा, सतत ढगांनी झाकलेला, तेव्हा खाली दलदल असणार, जंगल असणार, बारमाही पाऊस असणार. ढगांच्या आत कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ज्याला जे वाटेल ते त्याने लिहिलं. सरांनी ते पोरांना शिकवलं. मग एकाहत्तरच्या सुरुवातीला रशियाचं एक यान तिथे उतरल्याची बातमी आली आणि कळलं, की तिथली जमीन शिसं वितळेल इतकी तापलेली आहे.

"आणि पाऊस?" मी विचारलं.

"ढग आम्लाचे आहेत म्हणतात. ही भोकं बघा," असं म्हणून त्यांनी शर्टाची बाही पुढे केली. "त्याचा पाऊस पडत असेलही, पण जमिनीपर्यंत पोचायच्या आत त्याची वाफ होणार. वरून पडतोय, खाली थेंब नाही."

मी त्या तक्त्यावर नारिंगी रंग फासला, काळे दगड काढले. हिरवा रंग इतका दाट होता की तीन हात देऊनही कोपऱ्यातून तो जरासा वर यायचाच. सरांनी त्या कोपऱ्यावर पट्टी ठोकली.

दरवर्षी नववीच्या वर्गापुढे ते शिसं वितळवून दाखवत. जुन्या बॅटरीतला तुकडा लोखंडी पळीत घालून स्टोव्हवर धरायचे. पोरं ओणवी होऊन बघायची. करडा तुकडा कडेने ओला व्हायचा, मग एकदम पाण्यासारखा लकाकायचा. पोरं "आयला!" म्हणून ओरडायची, तेव्हा सर हसत नसत.

"हे स्टोव्हवर झालं," ते म्हणत. "तिथे हे सगळीकडे होईल. दिवसा होईल, रात्री होईल, सावलीतसुद्धा होईल. आणि अंगावर हवेचं ओझं किती? आपल्या शाळेच्या विहिरीसारख्या शंभर विहिरी एकीवर एक रचा, पाण्यानं भरा आणि तळाला जाऊन उभे राहा. तेवढं."

एकदा मागच्या बाकावरचा पाटलाचा पोरगा म्हणाला, "सर, मंग तिकडं जायचंच कशाला?" सरांनी पळी खाली ठेवली. "जायचं नाही रे," म्हणाले. "पण माहीत पाहिजे."

पंच्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमाराला पेपरात एक पुसट फोटो आला. शुक्राच्या जमिनीचा पहिला फोटो. चपटे, फुटलेले दगड, दुसरं काही नाही. सर तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यासमोर धरला.

"चित्रकार, हा माळ मी ओळखतो. आटपाडीच्या वर असाच आहे. मी सोळा वर्षं रोज चालत गेलोय यावरून."

फोटो पाठवणारं यान त्या उष्णतेत त्रेपन्न मिनिटं टिकलं, मग गप्प झालं. सर वर्गात गेले, फळ्यावर 'त्रेपन्न मिनिटे म्हणजे दीड पिरियड' असं लिहिलं आणि पोरांना दोन मिनिटं उभं केलं. शांतता पाळायला. हेडमास्तर व्हरांड्यातून जात होते.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"यान," सर म्हणाले.

त्यावर हेडमास्तर जे बोलले ते सगळ्या शाळेने ऐकलं. सरांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर उरलेलं एक मिनिट पुरं केलं.

आम्ही हसायचो. मीही हसायचो. पण सरांचं एक वेड असं होतं की त्यावर मला हसता यायचं नाही. रविवार आला की ते जुन्या विद्यार्थ्यांना शोधायला निघत. आटपाडीकडच्या आपल्या जुन्या शाळेत त्यांनी ज्यांना ज्यांना तो शुक्राचा धडा शिकवला होता, त्या प्रत्येकाला गाठून सांगायचं की मी चुकीचं शिकवलं. पोरं पांगली होती. कुणी गिरणीत, कुणी कचेरीत, मुली लग्न होऊन दूरच्या गावी. हजेरीपटावरून उतरवून घेतलेली नावं एका वहीत होती. सर एस.टी.ने जायचे, पुढे चालत.

"पत्र टाका की," मी म्हणालो.

"मी त्यांना तोंडानं शिकवलं होतं. दुरुस्तीपण तोंडानंच करायला पाहिजे." आणि मग त्यांचं ते नेहमीचं वाक्य: "चुकीचं शिकवणं म्हणजे विहिरीत मीठ टाकणं, चित्रकार. टाकायला एक क्षण लागतो, उपसायला जन्म जातो."

दोन-तीनदा मीही बरोबर गेलो. मलकापुरात त्यांचा एक विद्यार्थी पिठाची गिरणी चालवायचा. गिरणीच्या आवाजात सर ओरडून त्याला शुक्र समजावत होते. त्याच्या भुवयांवर पीठ, खाली बायकांची रांग. "बरं बरं सर," तो ओरडला, "न्हाई पाऊस तर न्हाई! आपल्या आटपाडीत तरी कुटं पडतोय! चा घेणार का?" सरांनी वहीतल्या नावापुढे खूण केली आणि चहा न घेता निघाले. चहा घेतला असता तर थर्मामीटर काढावा लागला असता आणि गिरणीत फार गर्दी होती, असं त्यांनी मला वाटेत सांगितलं.

सांगलीजवळच्या एका गावात त्यांच्या वर्गातली एक मुलगी जैन घरात दिली होती. आता चार मुलांची आई. तिने सरांना पाटावर बसवलं, पाया पडली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग तोंडाला पदर लावला.

"सर, मी पोरांस्नी झोपवताना तेच सांगत आले की. ढगांचं गाव, पावसाचं गाव. आता काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं ऐकून पोरं झोपतील व्हय, सर?"

परतताना बसमध्ये ते एकदाच बोलले. "तिला शोधायला नको होतं." पण पुढच्या रविवारी पुन्हा निघाले.

सत्याहत्तरच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, सर मला म्हणाले, "एका ठिकाणी जायचंय. एकट्याला जमणार नाही." त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. मला वाटलं, आटपाडीकडचा हुरडा खायला मिळेल.

विट्याच्या पुढे ऊस संपला. हिरवं मागे राहत गेलं आणि खिडकीतून नुसता तांबूस माळ दिसू लागला. तिथे सर बोलायला लागले. त्या शाळेत ते नवे लागले तेव्हा पोरं उपाशीतापाशी यायची. सकाळी दोन मैलांवरून पाण्याची खेप करून मग शाळेत. वर्गात पेंगायची. एक दिवस शिकवता शिकवता सरांनी शुक्र काढला. तिथे बारमाही पाऊस असतो म्हणाले, आणि अख्खा वर्ग जागा झाला.

"शिदा नावाचा पोरगा होता," सर म्हणाले. "उभा राहिला आणि विचारतो, 'गुर्जी, तितनं हिकडं पाट काडता येनार न्हाई का?' सगळे हसले. मी नाही हसलो. मी म्हणालो, तू मोठा हो, मग काढ. मग तो रोज विचारायचा. तिथं पाणी कोण भरतं? तिथं बाया कळशी कशाला वापरतात? मी सांगत गेलो. पुस्तकात होतं त्याच्या चौपट सांगत गेलो. तक्ता त्याच्यासाठीच काढला."

शिदा पुढे पलटणीत भरती झाला. सरांना पत्रं टाकायचा. एकाहत्तरच्या सुरुवातीला त्याचं पत्र आलं: पहाटेच्या ड्यूटीला चांदणी लय मोठी दिसते, गुरुजी, अजून पाऊस असेल ना तिथं? नेमक्या त्याच महिन्यात सरांनी यानाची बातमी वाचलेली होती.

"मी ख्यालीखुशालीचं कार्ड टाकलं. त्याबद्दल काही लिहिलं नाही. म्हटलं, रजेवर आला की समोर बसवून सांगू. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तब्येतीचंच लिहिलं." सर खिडकीबाहेर बघत राहिले. "डिसेंबरात लढाई लागली."

मलकापूरची गिरणी, सांगलीकडची ती मुलगी, वहीतली सगळी नावं, हे कुणामुळे सुरू झालं ते मला तेव्हा समजलं. ज्याला सांगायचं होतं तो गेला म्हणून सर बाकी सगळ्यांना सांगत सुटले होते.

"आता कुणाकडे चाललोय?"

"त्याच्या आईकडे. पाच वर्षं टाळतोय."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की उतरा, परत जाऊ. मी म्हणालो, "त्या बिचारीला शुक्राचं काय?" सर म्हणाले, "तेच. तिला काहीच ठाऊक नसेल. नुसतं भेटून येऊ. त्याच्या घरात एकदा तरी खरं बोललो, एवढंच मला पाहिजे." मला ते पटलं. मला कुणाचंही चटकन पटतं.

शिदाच्या आईचं, हौसाबाईंचं घर गावाबाहेर, दोन खणांचं, पांढऱ्या मातीचं. एकट्याच राहायच्या. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गुरुजी आले म्हटल्यावर त्यांनी आधी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, मग घोंगडं अंथरलं. भिंतीवर गणवेशातल्या शिदाचा फोटो. ओठांवर हसू दाबलेलं, फोटोवाल्याने "हसू नको" म्हणून सांगितल्यासारखं.

"आवं गुर्जी, किती वाळला तुमी," हौसाबाई म्हणाल्या. "कोन करून घालतं का न्हाई?"

त्यांनी हुलग्याचं माडगं केलं. वाढताना शिदाचंच बोलत होत्या. त्याला माडगं आवडायचं, पलटणीत मिळायचं नाही, रजेवर आला की तीन तीन वाट्या. सरांनी वाटी तशीच तोंडाला लावली. थर्मामीटर खिशातच राहिला.

दिवस मावळला तशी हौसाबाईंनी हातातलं काम टाकलं. "चला, भाईर बसू," म्हणाल्या. दाराबाहेरच्या दगडावर पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. आम्ही खाली बसलो. माळ आधी तांबडा झाला, मग जांभळा, आणि त्यावर ती चांदणी एकदम उमटली. त्या जानेवारीत ती फार तेजस्वी होती.

"आला," हौसाबाई म्हणाल्या.

मी सरांकडे पाहिलं. ते दगडासारखे झाले होते.

"रजंवर आला की ह्या हितंच बसून सांगायचा," हौसाबाई म्हणाल्या. "आये, गुर्जी म्हनल्यात, तितं बारा म्हैनं पाऊस हाय. समदं हिरवंगार. बायास्नी पानी भरावं लागत न्हाई. शेवटच्या टायमाला गेला तवा म्हनला, मी आलो न्हाई तर रडू नगंस. सांजचं हितं बस आन वर बग, मी तितं आसंन." त्या हसल्या. "आमच्या मान्सास्नी जलमात पानी घावलं न्हाई, गुर्जी. तुमच्यामुळं त्याला घावलं. आता बसतोय भिजत. मी रोज सांगते त्याला, लय भिजू नगं रं, पडसं हुईल."

मी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला. त्यांना समजलं, कारण त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला. तो गार पडला होता. मला वाटलं, निभावलं. उद्या सकाळच्या गाडीने परत जाऊ.

मग हौसाबाईंनीच विचारलं, "गुर्जी, एवड्या लांबनं का आला वो तुमी? काय सांगायचं हुतं का?"

त्यांनी विचारलं नसतं तर सर गप्प राहिले असते, असं मी अजून स्वतःला सांगतो.

"मी शिदाला चुकीचं शिकवलं, हौसाबाई," सर म्हणाले.

"काय चुकीचं?"

"तिथं पाऊस नाही. झाड नाही. पाणी नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं."

हौसाबाईंना आधी समजलंच नाही. त्या हसऱ्या चेहऱ्याने एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. सर हळूहळू, वर्गात सांगावं तसं सांगत गेले. यान, ढग, दगड. विहिरींचं त्यांनी सांगितलं नाही, तेवढं वाचलं.

"मंग काय हाय तितं?"

"ऊन आहे."

"किती?"

"हौसाबाई, जाऊ द्या," मी मध्ये पडलो.

"तुमी थांबा, मास्तर. किती ऊन, गुर्जी? हितल्या चैतावानी?"

"त्याहून जास्त."

"चुलीतल्या इंगळावानी?"

त्या माणसाने तिथेसुद्धा विचार केला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते खरंच मनात अंदाज घेत होते.

"इंगळापेक्षा कमी," सर म्हणाले. "तापलेल्या तव्यापेक्षा जास्त."

हौसाबाई दगडावरून उठल्या. पुन्हा बसल्या. "आन माजं पोरगं पाच वरसं तितं हाय?"

"नाही, नाही! तो तिथं नाही. माणूस मेल्यावर तिथं जात नाही. ते आपण नुसतं..."

"मंग कुटं हाय?"

तीस वर्षं शिकवण्यात घालवलेला माणूस, त्याला पहिल्यांदा मी अडलेलं पाहिलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

हौसाबाई आत गेल्या. रडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज आला. त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं, पाणी दिलं, अंथरूण दिलं. सकाळी सर परसात गेले असताना त्या माझ्याजवळ आल्या. डोळे सुजलेले होते.

"ते येडं हायती, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी तर शाने दिसता. तुमाला न्हाई व्हय त्यांचं तोंड दाबता आलं?"



परत आल्यावर सरांनी वही जाळली. प्रयोगशाळेची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि विज्ञान नको, गणित द्या म्हणाले. गणितात ते बरे होते, पण पोरांच्या वह्या तपासताना चूक दिसली की हात थांबायचा. लाल पेन उचलायचे, ठेवायचे, उत्तर तसंच सोडून द्यायचे. तक्रारी आल्या. हॉटेलवाला मला म्हणाला, "सर आता कोमट चा बी गप पित्यात. काय झालंय वो?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस ते माझ्या खोलीवर आले. बसले नाहीत.

"एक चित्र काढून द्या. हिरवं. पावसाचं. पहिल्यासारखं."

"कशाला, सर?"

"हौसाबाईंना दाखवायला. सांगतो, आधीचं यान बिघडलेलं होतं. नवं यान गेलं, त्याला पाऊस सापडला."

रात्रीचा दिवस करून मला जमलं तेवढं चांगलं चित्र काढलं. त्यात हिरव्याच्या सात छटा होत्या. पाण्यात एक घर काढलं, घराला दार काढलं. सर ते बघून म्हणाले, "दारात कुणी नको?" मी म्हणालो, "नको." त्यांनी मान हलवली. ह्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. सकाळी एस.टी.त बसवून दिलं. काच वर करून ते ओठ हलवत होते. पाठ करत होते काय बोलायचं ते.

तिसऱ्या दिवशी परत आले. चित्र बरोबर होतं.

काय झालं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चित्रावरून हात फिरवला, चांगलं काढलंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गुर्जी, तुमास्नी खोटं बोलाया येत न्हाई. तुमच्या तोंडाला ते शोभत न्हाई. ह्ये घिऊन जावा." आता ती चांदणी सांजची दिसत नाही, पहाटे उगवते असं लोक सांगतात, पण मी बघत नाही, असंही म्हणाल्या. दाराबाहेरचा तो दगड त्यांनी उचलून परसात टाकला होता.

"एक खोटं मी वीस वर्षं शिकवलं, ते तिनं खरं मानलं," सर म्हणाले. "दुसरं जन्मात एकदाच बोललो, ते चाललं नाही." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

त्या वर्षअखेर त्यांनी नोकरी सोडली. मेढ्याजवळ बहिणीचं घर होतं, तिथे गेले. डोंगराळ मुलूख, चार महिने आभाळ दिसत नाही. मी दोनदा पत्र टाकलं. उत्तरात तब्येत बरी आहे एवढंच असायचं. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात बहिणीच्या मुलाचं कार्ड आलं. घरची सगळी भातलावणीला गेली होती. दुपारी जेवायला आली तेव्हा मामा खाटेवर होते, गार झालेले. काही त्रास होतोय असं ते बोललेच नव्हते.

ते कार्ड खिशात घेऊन मी आठवडाभर हिंडलो. हौसाबाईंना कुणी सांगणार नव्हतं. सांगायला पाहिजे की नको, हे मला ठरवता येईना. शेवटी गेलो. त्या वर्षी त्या बाजूला बरा पाऊस होता. माळावर गवत आलं होतं. हौसाबाई शेतात वाकून बाजरी भांगलत होत्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"हौसाबाई, गुरुजी गेले."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. हाताची माती झाडली.

"कवा?"

"श्रावणात. बहिणीच्या घरी."

"मरताना कोन हुतं का जवळ?"

मी होतो, असं म्हणणं मला अवघड नव्हतं. वाटेत एस.टी.त मी ते ठरवूनही ठेवलेलं होतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते खोटं बोलवेना.

"कुणी नव्हतं," मी म्हणालो.

हौसाबाईंनी मान हलवली. खाली बसल्या, खुरपं उचललं, पुढची ओळ धरली. दोन-तीन हात पुढे सरकल्यावर, मान वर न करता, म्हणाल्या, "माज्या शिदाजवळबी कोन नव्हतं म्हनं."

मी बांधावर उभा राहिलो. निघवेना. गवत उपटल्याचा आवाज येत राहिला.

"जावा आता, मास्तर," हौसाबाई म्हणाल्या. "तुमची यष्टी चुकंल."